आणीबाणी व सांविधानिक मर्यादा

राष्ट्राच्या सुरक्षेस धोका उत्पन्न झाला असता शासनास जादा अधिकार देण्याची तरतूद अनेक लोकशाही संविधानांत आढळते. प्राचीन रोमच्या प्रजासत्ताकात हुकूमशहाची नेमणूक जास्तीत जास्त सहा महिन्यांसाठी होई. जर्मनीच्या वायमार संविधानातील ४८ व्या अनुच्छेदास अशी निश्चित मुदत नव्हती. १९३० नंतर तेथील कारभार मुख्यत्वे या अनुच्छेदाखालील अध्यादेशांवर चालला. भारतीय संविधानाच्या ३५२ व्या अनुच्छेदान्वये २५ जून १९७५ रोजी ‘अंतर्गत अशांतता’ या कारणावरून आणीबाणीची उद्‌घोषणा झाली. पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्या सल्ल्यावरून राष्ट्रपती फक्रुद्दीन अली अहमद यांनी तीवर रात्री स्वाक्षरी केली. मंत्रिमंडळाची संमती दुसऱ्या दिवशी सकाळी घेण्यात आली. डिसेंबर १९७१ च्या युद्धप्रसंगी जाहीर झालेली आणीबाणी त्या वेळीही अंमलात होती, ही बाब सहसा नजरेआड होते.

या काळात संविधान रद्द किंवा स्थगित झाले नाही. मर्यादा शिथिल झाल्या त्या बव्हंशी संविधानाच्याच मार्गाने. ३५८ व्या अनुच्छेदामुळे १९ व्या अनुच्छेदातील स्वातंत्र्ये आपोआप निष्प्रभ झाली. २७ जूनच्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुच्छेद १४, २१ व २२ यांच्या अंमलबजावणीसाठी न्यायालयात जाण्याचा हक्क स्थगित झाला. अंतर्गत सुरक्षा कायद्यात (मिसा) वटहुकमाने बदल करून स्थानबद्धास कारणे कळविण्याचे बंधन काढून टाकण्यात आले. ३८ व्या घटनादुरुस्तीने उद्‌घोषणेची न्यायालयीन तपासणी बंद केली, तर ३९ व्या दुरुस्तीने पंतप्रधानांची निवडणूक न्यायालयांच्या कक्षेबाहेर नेली. लोकसभेची मुदतही वाढविण्यात आली. तिच्या निषेधार्थ मधू लिमये व शरद यादव यांनी तुरुंगातूनच सदस्यत्वाचे राजीनामे दिले.

महाराष्ट्रात या सर्व काळात मराठवाड्याचे शंकरराव चव्हाण हे मुख्यमंत्री होते. १९७६ मध्ये राज्य विधिमंडळाने तीन अपत्यांनंतर निर्बीजीकरण सक्तीचे करणारे विधेयक संमत केले. त्यास राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही, म्हणून ते कायद्यात आले नाही. विधिमंडळाने मात्र ते अडविले नव्हते.

मूलभूत हक्क स्थगित असताना मुंबई उच्च न्यायालयाने जी भूमिका घेतली, ती विशेष लक्षणीय होय. ‘फ्रीडम फर्स्ट’ या मासिकाचे मिनू मसानी यांनी सेन्सॉरने नाकारलेल्या मजकुराबाबत दाद मागितली. फेब्रुवारी १९७६ मध्ये न्या. मादन व न्या. कानिया यांच्या खंडपीठाने निर्णय दिला, की हक्क स्थगित झाले तरी सेन्सॉरचे अधिकार ज्या नियमांतून आले त्या नियमांच्या बाहेर त्याला जाता येणार नाही. शासनावरील टीका दडपणे हा त्या नियमांचा हेतू नाही. तत्पूर्वी नागरी स्वातंत्र्यावरील वकिलांच्या एका सभेस पोलीस आयुक्तांनी नाकारलेली परवानगीही याच न्यायालयाने अवैध ठरविली होती. या निर्णयांचे बळ मूलभूत हक्कांत नव्हते. अधिकाऱ्याने कायद्याने दिले तेवढेच करावे, या जुन्या व साध्या नियमात ते होते.

स्थानबद्धांच्या बाबतीत मात्र हा मार्ग लवकरच खुंटला. मुंबईसह नऊ उच्च न्यायालयांनी बंदीप्रत्यक्षीकरणाचे अर्ज ग्राह्य मानले होते; २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मताने ती भूमिका फेटाळली. बहुमतात न्या. यशवंतराव चंद्रचूड होते, न्या. हंसराज खन्ना यांनी एकट्यांनी विरोधी मत दिले. हा निर्णय २०१७ मध्ये नऊ न्यायाधीशांच्या पीठाने चुकीचा ठरविला. त्यातील प्रमुख निकालपत्र यशवंतरावांचे पुत्र न्या. धनंजय चंद्रचूड यांचे होते.

औरंगाबाद येथे (२०२३ पासून छत्रपती संभाजीनगर) ‘मराठवाडा’ या दैनिकाचे संपादक अनंत भालेराव (१९१९–९१) यांना आणीबाणीत कारावास घडला. हैदराबाद मुक्तिसंग्रामातही ते तुरुंगात गेले होते. १९३८ मध्ये आ. कृ. वाघमारे यांनी सुरू केलेल्या या पत्रास निजाम सरकारच्या बंदीला तोंड द्यावे लागले होते. त्या राजवटीत निदान प्रजेला सांविधानिक हक्कांचे आश्वासन नव्हते. मराठवाड्यातील स्थानबद्धांच्या दृष्टीने उच्च न्यायालयही दूरच होते, कारण औरंगाबाद खंडपीठाचे कामकाज १९८१ मध्ये सुरू झाले.

२१ मार्च १९७७ रोजी आणीबाणी संपली. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने ‘अंतर्गत अशांतता’ऐवजी ‘सशस्त्र उठाव’ हे शब्द घातले, मंत्रिमंडळाचा लेखी निर्णय आवश्यक केला आणि अनुच्छेद २० व २१ यांना स्थगितीपासून संरक्षण दिले. प्रतिबंधक स्थानबद्धतेची मुदत कमी करणारे तिचे ३ रे कलम मात्र अंमलात आणण्याची अधिसूचना कोणत्याही शासनाने काढली नाही.

ही संरक्षणे उद्‌घोषणेशी निगडित आहेत. २०२० च्या कोविड साथीत ३५२ व्या अनुच्छेदाचा आश्रय घेतलाच गेला नाही. आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ आणि मुंबई इलाख्यातील प्लेगच्या वेळचा साथरोग अधिनियम, १८९७ हे सामान्य कायदे पुरेसे ठरले. त्या काळात दिल्लीतील तबलिगी जमातच्या कार्यक्रमाला आलेल्या २९ परदेशी नागरिकांवर तत्कालीन अहमदनगर जिल्ह्यात गुन्हे नोंदविण्यात आले होते. औरंगाबाद खंडपीठाने २१ ऑगस्ट २०२० रोजी ते रद्द केले. न्या. नलावडे यांनी निकालपत्रात, साथीच्या प्रसंगी शासन बळीचा बकरा शोधण्याचा प्रयत्न करते, अशा आशयाचे भाष्य केले. न्या. सेवलीकर यांनी गुन्हे रद्द करण्यास संमती दिली, परंतु निकालपत्रातील काही निरीक्षणांशी आपण सहमत नसल्याचे नमूद केले.