धुळ्याचा एक तास

परवा धाकट्याच्या विजेच्या गाडीतून पुण्याहून रनाळ्याला गेलो. धुळ्याला गाडी चार्जिंगला लावली. एक यंत्र बंद, दुसऱ्यापुढे रांग, आणि नंबर लागल्यावर ऐंशी टक्क्यांना तासभर. इतिहासाच्या मास्तराला एवढा मोकळा वेळ देऊ नये!

पोरांना ही गाडी नवी वाटते. पण मोटारीने ताशी १०० किलोमीटरचा वेग पहिल्यांदा ओलांडला तो १८९९ साली, फ्रान्समध्ये, आणि ती मोटार विजेचीच होती. चालवणारा बेल्जियमचा कामीय जेनात्झी. पुढे वीज मागे पडली त्याची कारणं बरीच. पण टाकी मिनिटांत भरायची आणि बॅटरीला तासन् तास लागायचे, हे त्यातलं मोठं. आताचा जलद चार्जर डीसी प्रवाह थेट बॅटरीत सोडतो. तरी ऐंशीनंतर बॅटरी जपण्यासाठी वेग कमी होतोच.

जेनात्झीच्याच सुमारास आमच्या नंदुरबारला रेल्वे आली. तिची वाफेची इंजिनंही पाण्यासाठी थांबायची. आणि आमची बैलगाडी? मिरची घेऊन नंदुरबारच्या बाजाराला जाताना वडील वाटेत बैल सोडायचे, चारापाणी करायचे. एरवी अबोल माणूस, पण तिथे माझ्याशी बोलायचा. शिक्षणासाठी शेताचा तुकडा गहाण टाकल्याचं मला तिथेच कळलं.

असो. धुळ्याच्या त्या तासात धाकट्याने रनाळ्याची जमीन विकायचा विषय काढला. चालत्या गाडीत त्याने तो काढला नसता. ऐंशी टक्के झाले, आम्ही निघालो. मी अजून उत्तर दिलेलं नाही.