निर्लेपांच्या गावातली किटली

भांडी घासणे हा आपल्याकडे स्वयंपाकाचा नव्हे, धर्मशास्त्राचा विषय आहे. पितळ-तांबे चिंचेने, बाकीचे राखेने. घोडे अडते ते मातीपाशी. विटाळलेले मातीचे भांडे पुन्हा भाजून शुद्ध करावे, असे मनुस्मृतीचा पाचवा अध्याय सांगतो. विटाळ फारच मोठा असेल तर भाजूनही भागत नाही! आता मुकुंदवाडीच्या दोन खोल्यांत भट्टी कुठून आणायची?

हा पेच आमच्याकडे भाच्याने जपानहून आणलेल्या लाल मातीच्या किटलीने उभा केला. झिलई नाही, कान नाही. पोटातून एक मूठ बाहेर आलेली. महिन्याभरात ती आतून काळवंडली आणि आमची ही काथ्या घेऊन सरसावली.

"मामी, थांब!" भाचा ओरडला. "ती माती साबण पिते आणि पुढच्या चहात परत देते."

म्हणजे घासणी नको, साबण नको. गरम पाण्याने विसळायची, पालथी वाळवायची. डाग फारच झाला तर खाण्याचा सोडा घातलेल्या कोमट पाण्यात ठेवून मऊ फडक्याने पुसायची. दुधाचा चहा तर तिच्यात ओतायचाच नाही. दूध छिद्रांत बसून नासते.

"मग ती चहाची किटली कसली?" ही म्हणाली. मला उत्तर सुचले नाही, म्हणून मी इतिहासात शिरलो.

अशा किटल्यांचे जपानी गाव तोकोनामे. माती लोहयुक्त, म्हणून रंग लाल. 1854 मध्ये तिथल्या सुगिए जुमोन या कुंभाराने चिनी नमुना पाहून अशी लाल किटली घडवली. पुढे 1878 मध्ये जिन शिहेंग हे चिनी जाणकार येऊन तिथल्या कुंभारांना यीशिंगची पद्धत शिकवून गेले. यीशिंगला तर डाग म्हणजे किटलीची कमाई. मुरलेल्या किटलीत नुसते गरम पाणी ओतले तरी चहा होतो, अशी तिकडची वदंता. (आमच्याकडे काही घरी पाहुण्याला तसाच चहा मिळतो, पण त्याचे कारण वेगळे.) डाग एकट्या चहाचा नसतोच. पाण्यातला चुना आणि चहातली तुरट द्रव्ये मिळून साय धरते. बोअरचे जड पाणी असले की विचारायलाच नको!

गंमत म्हणजे आमचे शहर पडले निर्लेपांचे. काहीही न चिकटणारी 'निर्लेप' भांडी 1968 पासून इथलीच, तेव्हाच्या औरंगाबादची. 2018 मध्ये ती कंपनी बजाज इलेक्ट्रिकल्सकडे गेली. वेदान्तातला आत्म्याचा गुण तव्याला लावणारे गाव दुसरे नसेल!

पण याच मराठवाड्यात, माझ्या लहानपणी, गावच्या हॉटेलाबाहेर कान तुटलेल्या कपबश्या वेगळ्या ठेवलेल्या असत. अस्पृश्यतेविरुद्धचा कायदा 1955 चा; कपबश्या त्यानंतरही तिथेच. ज्याने प्यायला त्यानेच विसळून पालथ्या घालायच्या. चिनी मातीच्या, चांगल्या झिलईच्या. पाण्याची एक धार सोडली की स्वच्छ. तरी त्या कुणाच्या, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असे. वडिलांना मी एकदा विचारले, तेव्हा ते म्हणाले, "चल, उशीर होतोय."

किटली आम्ही घासली नाही. सोड्याचे पाणी एकदा फिरवले, तेवढेच. येईल त्याला तिच्यातूनच ओततो. दूध ही वेगळ्या भांड्यात देते, आणि आले किसून वर बशीत ठेवते.