नावांखालची भूमी : सेनेका काउंटीचा भूगोल, इतिहास आणि लोकसंख्या

१. प्रास्ताविक

अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्याच्या मध्यभागी, सेनेका आणि कायूगा या दोन लांबट सरोवरांच्या दरम्यान सेनेका काउंटी पसरलेली आहे. काउंटी हा राज्य आणि गाव यांच्या मधला प्रशासकीय विभाग असून आपल्याकडील जिल्ह्याशी त्याची स्थूलमानाने तुलना करता येते. आकाराने मात्र ही काउंटी तालुक्याएवढीच आहे. तिचे भूक्षेत्र सुमारे ८४० चौरस किलोमीटर, आणि २०२० च्या जनगणनेनुसार लोकसंख्या ३३,८१४. एवढ्या लहान, बहुतांशी शेतीप्रधान प्रदेशाकडे साहित्याभ्यासकाने का वळावे, असा प्रश्न उपस्थित होणे स्वाभाविक आहे.

या प्रश्नाचे उत्तर काउंटीच्या नकाशातच सापडते. ऑव्हिड, रोम्युलस, ज्युनियस, टायर, लोडी, वॉटर्लू ही येथील गावांची नावे आहेत. ग्रामनामे ही इतिहासाची साधने आहेत, हा विचार मराठीत वि. का. राजवाडे यांनी आग्रहाने मांडला. नावाच्या आत जुनी वसाहत, जुने कुल, जुनी बोली टिकून राहते, असे त्यामागचे गृहीत आहे. सेनेका काउंटीत हे गृहीत उलटे होते. येथील बहुतेक नावे भूमीचा पूर्वेतिहास सांगत नाहीत. ती त्याच्यावर लिहिलेली आहेत. या भूप्रदेशात कोणाचे नाव नोंदले गेले, कोणाची केवळ संख्या मांडली गेली आणि कोण नोंदीबाहेर राहिले, या प्रश्नांच्या आधारे काउंटीचा दोन शतकांहून अधिक काळाचा इतिहास वाचता येतो, असे प्रस्तुत निबंधाचे प्रतिपादन आहे. नकाशा, जनगणना आणि जाहीरनामा हे तीन लेखनप्रकार येथे साहित्यकृतींच्या बरोबरीने वाचावे लागतात.

२. भूमी आणि पाणी

हिमयुगातील हिमनद्यांनी जुन्या नदीखोऱ्यांना खोलवर कोरून काढले आणि त्यातून उत्तर-दक्षिण पसरलेली अरुंद सरोवरे निर्माण झाली. हाताच्या बोटांसारखी दिसणारी म्हणून त्यांना ‘फिंगर लेक्स’ म्हणतात. सेनेका आणि कायूगा ही त्यांतील सर्वांत मोठी दोन. प्रत्येकाची लांबी सुमारे ६० किलोमीटर आहे. सेनेकाची कमाल खोली १८८ मीटर, तर कायूगाची १३३ मीटर. खोल पाणी हिवाळ्यात सहसा पूर्ण गोठत नाही आणि काठांवरील हवेची तीव्रता कमी करते. सरोवरांच्या उतारांवर द्राक्षमळे आणि फळबागा का फुलल्या, याचे हे कारण आहे.

सेनेका सरोवराचा पृष्ठभाग कायूगापेक्षा सुमारे ६० फूट उंच आहे. हा उतार सेनेका नदी ज्या मार्गाने उतरते, तेथे धबधबे होते. त्या पाण्यावर गिरण्या चालल्या आणि सेनेका फॉल्स हे गाव उभे राहिले. १८२८ मध्ये येथील कालवा ईरी कालव्याला जोडला गेला आणि गावचा माल राज्यभर जाऊ लागला. पुढे कालव्याच्या नव्या रचनेसाठी १९१५ मध्ये नदीचे पाणी अडवण्यात आले आणि ते धबधबे जलाशयाखाली गेले. आज गावाच्या नावात धबधबे आहेत, गावात नाहीत.

काउंटीच्या ईशान्येला विस्तीर्ण दलदल होती. कायूगा लोक स्वतःला जे नाव देतात, त्याचा अर्थ ‘मोठ्या दलदलीचे लोक’ असा सांगितला जातो. कालव्यांच्या कामांमुळे या दलदलीचा मोठा भाग आटला. उरलेल्या पाणथळीत १९३८ मध्ये स्थलांतरित पक्ष्यांसाठी अभयारण्य स्थापन झाले. त्याचे नाव माँटेझुमा. न्यूयॉर्क शहरातील एका डॉक्टरने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी येथील आपल्या निवासस्थानाला मेक्सिकोच्या अॅझटेक सम्राटाचे नाव दिले आणि तेच परिसराला चिकटले. मूलनिवासी वाटणारे हे नावही असे दूरदेशीचेच आहे.

३. नकाशावरील रोम

हा प्रदेश हॉडेनोशोनी, म्हणजे इंग्रजी-फ्रेंच साधनांतील इरॉक्वाय, संघाचा होता. सहा राष्ट्रांच्या या संघातील कायूगा आणि सेनेका यांच्या वसाहती दोन सरोवरांच्या काठांवर होत्या. मका, घेवडा, भोपळा यांची शेती आणि जोपासलेल्या फळबागा यांवर त्यांचे जीवन स्थिरावले होते. अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धात संघातील बहुसंख्य राष्ट्रांनी ब्रिटिशांची बाजू घेतली. जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या आदेशानुसार १७७९ मध्ये जनरल जॉन सलिव्हन यांच्या सैन्याने या प्रदेशात मोहीम केली आणि सुमारे ४० गावे, उभी पिके व बागा नष्ट केल्या. सेनेका सरोवराच्या पूर्व काठावरील केंडाया हे त्यांपैकी एक. तेथील सफरचंदांच्या झाडांमुळे सैनिकांनी त्या गावाला ‘अॅपलटाउन’ म्हटले, आणि मग ती झाडेही तोडली. सैनिकांच्या रोजनिशा हा आज या गावाविषयीच्या माहितीचा एक प्रमुख आधार आहे. म्हणजे ज्यांनी गाव जाळले, त्यांच्याच लेखनात ते गाव उरले.

युद्धानंतर न्यूयॉर्क राज्याने सैनिकांना बक्षीस म्हणून जमीन द्यायचे ठरवले. त्यासाठी ‘मिलिटरी ट्रॅक्ट’ या नावाने मोठा प्रदेश मोजला गेला. अखेरीस त्याचे २८ विभाग झाले. प्रत्येक विभागात ६०० एकरांचे १०० भूखंड होते. १७९० मध्ये या विभागांना नावे देण्यात आली : होमर, व्हर्जिल, सिसेरो, ऑव्हिड, युलिसिस, हेक्टर, रोम्युलस, आणि त्यांच्या जोडीला मिल्टन, ड्रायडन, लॉक. जणू तत्कालीन पाठ्यक्रमच जमिनीवर अंथरला गेला. पुढे ही नावे चेष्टेचा विषय झाली. १८१९ मध्ये फिट्झ-ग्रीन हॅलेक आणि जोसेफ रॉडमन ड्रेक या कवींनी ‘क्रोकर’ या टोपणनावाने लिहिलेल्या उपरोधिक कवितांत राज्याचे मुख्य भूमापक सिमियन डी विट यांची थट्टा केली. ही निवड आपली नव्हे, असे डी विट यांचे म्हणणे होते. आता तिचे श्रेय सामान्यतः राज्य सरकारातील अधिकारी रॉबर्ट हार्पर यांना दिले जाते.

या नावांकडे केवळ पंडिती हौस म्हणून पाहणे अपुरे आहे. नव्या प्रजासत्ताकाला आपला पूर्वज रोममध्ये दिसत होता आणि सैनिकाला जमीन देणे ही रोमन प्रथाही त्याला ठाऊक होती. परंतु प्रत्यक्षात अनेक सैनिकांनी आपला हक्क अल्प किमतीत सटोडियांना विकून टाकला होता. त्यामुळे रोमन आदर्श नावापुरता राहिला आणि जमीन बाजारात गेली. ‘सेनेका’ या नावाची कथा याहूनही बोलकी आहे. सेनेका लोक स्वतःला ‘मोठ्या टेकडीचे लोक’ या अर्थाच्या नावाने ओळखतात. डच आणि इंग्रज नोंदकारांच्या लेखणीतून त्यांच्यासाठी वापरले गेलेले परके नाव बदलत गेले आणि रोमन तत्त्वचिंतकाच्या परिचित नावात विरघळले. मूलनिवासी राष्ट्राचे नाव आणि लॅटिन ग्रंथकाराचे नाव यांतील सीमारेषाच पुसली गेली.

१८०४ मध्ये सेनेका काउंटी स्थापन झाली. तिला आजही दोन मुख्य ठाणी आहेत, वॉटर्लू आणि ऑव्हिड. लोडी आणि वॉटर्लू या नावांमुळे नेपोलियनच्या आरंभीच्या विजयाची आणि अखेरच्या पराभवाची दोन्ही रणांगणे एकाच काउंटीत आली आहेत. ऑव्हिड येथे उतरत्या आकाराच्या तीन ग्रीक धाटणीच्या सरकारी इमारती रांगेने उभ्या आहेत; लोक त्यांना बालकथेतील ‘तीन अस्वले’ म्हणतात. अभिजात नावांच्या गावात लोकवाङ्मयाने आपली जागा अशी मिळवली आहे. साम्राज्याच्या सीमेवर हद्दपार झालेल्या कवीचे नाव त्या गावाला देताना कोणाला विसंगती जाणवली असेल, असे दिसत नाही. त्याच काळात कायूगा लोक मात्र कॅनडातील ग्रँड नदीच्या काठी, सेनेकांच्या उरलेल्या भूमीत आणि कालांतराने थेट ओक्लाहोमापर्यंत विखुरले जात होते.

४. जनगणनेतील आकडे आणि शंभर स्वाक्षऱ्या

अमेरिकेच्या जनगणनेत १७९० पासून १८४० पर्यंत फक्त कुटुंबप्रमुखाचे नाव लिहिले जाई. घरातील इतर माणसे वय आणि लिंग यांनुसार रकान्यांत आकड्यांच्या रूपाने मांडली जात. प्रत्येक स्वतंत्र व्यक्तीचे नाव लिहिण्याची पद्धत १८५० मध्ये सुरू झाली. तेव्हाही गुलामांची नावे नव्हती आणि कर न भरणारे ‘इंडियन’ मोजणीच्याच बाहेर होते.

ही पार्श्वभूमी लक्षात घेतली म्हणजे १९ आणि २० जुलै १८४८ रोजी सेनेका फॉल्सच्या वेस्लियन चॅपलमध्ये भरलेल्या स्त्रीहक्क परिषदेचे महत्त्व नव्याने उमगते. परिषदेचा जाहीरनामा वॉटर्लू येथील मॅक्लिंटॉक कुटुंबाच्या घरी आकाराला आला. एलिझाबेथ केडी स्टँटन या त्याच्या प्रमुख लेखिका. १७७६ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याची रचना त्यांनी जशीच्या तशी घेतली आणि राजाच्या जागी पुरुषाला बसवले. प्रतिष्ठित संहितेचा साचा राखून तिचा रोख बदलण्याचे हे तंत्र आंतरसंहितीयतेच्या अभ्यासकाला परिचयाचे आहे. जाहीरनाम्यावर १०० स्वाक्षऱ्या झाल्या. ६८ स्त्रिया आणि ३२ पुरुष, ज्यांत फ्रेडरिक डग्लस होते. यांपैकी बहुतेक स्त्रियांचे नाव तोवर कोणत्याही जनगणनेत आलेले नव्हते. त्या दृष्टीने ही सही मागणीपत्राखालची औपचारिकता नव्हती, ती स्वतःच एक मागणी होती. मूळ हस्तलिखित आज उपलब्ध नाही. डग्लस यांच्या रॉचेस्टर येथील छापखान्यात छापलेली प्रत मात्र टिकली.

स्वाक्षऱ्यांत हॉडेनोशोनी स्त्रिया नाहीत. त्यांच्या समाजात कुल आईकडून चाले आणि सरदारांची निवड कुलमाता करीत. पुढे मटिल्डा जॉस्लिन गेज यांनी आपल्या लेखनात या व्यवस्थेकडे लक्ष वेधले. ज्या हक्कांसाठी सेनेका फॉल्समध्ये ठराव झाले, त्यांसारखेच काही हक्क त्याच भूमीवर सत्तर वर्षांपूर्वी व्यवहारात होते. जाहीरनाम्याच्या मजकुरात याची जाणीव दिसत नाही.

या परिषदेला चाळीस वर्षे झाल्यानिमित्त १८८८ मध्ये वॉशिंग्टन येथे आंतरराष्ट्रीय महिला परिषद भरली. पंडिता रमाबाई तेथे उपस्थित होत्या. दुसऱ्याच वर्षी त्यांचे ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले. सेनेका फॉल्समध्ये सुरू झालेल्या चळवळीचा धागा असा मराठी गद्याच्या इतिहासात येऊन मिळतो.

५. क्रमांकांची दफनभूमी

१८६९ मध्ये सेनेका सरोवराच्या काठी विलर्ड येथे मनोरुग्णांसाठी राज्याचे आश्रयस्थान उघडले. ते १९९५ मध्ये बंद झाले. अनेक दशके ते काउंटीतील रोजगाराचे मोठे साधन होते आणि तेथील रुग्णांनी काउंटीच्या लोकसंख्येत भर घातली. संस्था बंद होताना माळ्यावर रुग्णांच्या ४०० हून अधिक पेट्या मिळाल्या. त्यांत पत्रे, छायाचित्रे, कपडे, शिवणकामाचे साहित्य होते. न्यूयॉर्क राज्य संग्रहालयाने त्या जतन केल्या. संस्थेच्या दफनभूमीत मात्र पाच हजारांहून अधिक मृतांच्या जागी केवळ क्रमांक होते, आणि गोपनीयतेच्या कारणावरून नावे उघड करण्यास शासन दीर्घकाळ राजी नव्हते. एकाच परिसरात पेटीवर नाव आणि कबरीवर आकडा, अशी ही दोन पुराभिलेखांची परस्परविरोधी साक्ष आहे.

त्याच काठावर, जुन्या केंडायाच्या परिसरात, दुसऱ्या महायुद्धाच्या वेळी शेतकऱ्यांना अल्प मुदतीत उठवून लष्करी दारूगोळ्याचे कोठार आणि नौदलाचे प्रशिक्षण केंद्र उभारण्यात आले. १९८३ मध्ये कोठाराशेजारी, रोम्युलस येथे, अण्वस्त्रविरोधी स्त्रियांचे शांतिशिबिर भरले. १८४८ ची आठवण जागवत सेनेका फॉल्सहून निघालेला त्यांचा मोर्चा वॉटर्लूच्या पुलावर स्थानिकांनी अडवला आणि ५४ स्त्रियांना अटक झाली. कोठार २००० मध्ये बंद झाले.

६. आजची लोकसंख्या आणि न मिटलेला दावा

काउंटीची लोकसंख्या १८६० मध्ये सुमारे २८ हजार होती. गिरण्या मंदावल्यावर आणि शेतकरी पश्चिमेकडे सरकल्यावर ती घटली, १९७० पर्यंत पुन्हा सुमारे ३५ हजारांवर गेली आणि त्यानंतर जवळपास स्थिर राहिली : २००० मध्ये ३३,३४२, २०१० मध्ये ३५,२५१, २०२० मध्ये ३३,८१४. या स्थैर्याखाली हालचाल आहे. १९७० च्या दशकापासून पेनसिल्व्हेनियातून आलेल्या मेनोनाइट आणि आमिश कुटुंबांनी या सरोवर-प्रदेशातील शेतीला नवे बळ दिले. दुसरीकडे रोम्युलस येथे २००० मध्ये राज्य कारागृह सुरू झाले. जनगणना तेथील कैद्यांना काउंटीचे रहिवासी म्हणून मोजते, तर राज्याच्या २०१० च्या कायद्यानुसार मतदारसंघ आखताना त्यांची गणना त्यांच्या मूळ पत्त्यावर होते. एकच माणूस एका कागदावर येथला, दुसऱ्यावर दूरचा ठरतो.

कायूगा राष्ट्राचा प्रश्नही कागदाचाच आहे. १७८९ च्या तहाने त्यांच्यासाठी कायूगा सरोवराभोवती सुमारे ६४,००० एकर भूमी राखून ठेवली होती. १७९५ आणि १८०७ मध्ये राज्याने ती विकत घेतली. मात्र केंद्रीय कायद्याला आवश्यक असलेली संमती त्या व्यवहारांना नव्हती, या आधारावर १९८० मध्ये कायूगांनी दावा दाखल केला. २००१ मध्ये व्याजासह सुमारे २४ कोटी ८० लाख डॉलरची भरपाई त्यांच्या बाजूने ठरली. २००५ मध्ये अपील न्यायालयाने दीर्घ विलंबाच्या कारणावरून ती रद्द केली आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण सुनावणीस घेण्यास नकार दिला. दरम्यान, कायूगा राष्ट्र खुल्या बाजारात जमिनी विकत घेऊ लागले होते. कर थकला म्हणून काउंटीला या जमिनी जप्त करता येणार नाहीत, असा निर्णय २०२० मध्ये अपील न्यायालयाने दिला. विखुरले गेलेले राष्ट्र पुन्हा करनोंदींच्या पानांवर आपल्या नावाने दिसू लागले.

ऑव्हिड आणि रोम्युलस ही नावे आता बदलणार नाहीत, आणि ती बदलावीत अशी मागणी हा येथील वादाचा विषयही नाही. वाद जमिनीचा आहे. परंतु जमिनीवरील हक्क प्रत्येक टप्प्यावर लेखनाने, म्हणजे मोजणीने, तहाने, यादीने आणि निकालपत्राने ठरला आहे. अभिजात साहित्याचा प्रसार आणि स्वीकार अभ्यासताना तौलनिक साहित्याभ्यास प्रायः ग्रंथ, भाषांतरे आणि वाचक यांच्यापाशी थांबतो. सेनेका काउंटीत ऑव्हिडचा स्वीकार भूमापकाच्या साखळीने झाला. त्याची किंमत ज्यांनी मोजली, त्यांची नोंदही त्या स्वीकाराच्या इतिहासात झाली पाहिजे.