दोराला बांधलेला उपग्रह

विहिरीतून पाणी शेंदणाऱ्याला ठाऊक असते की, दोर लांब असताना पोहरा संथ हेलकावतो. वर ओढू लागले, की हेलकावा वाढतो. अंतराळात दोराला टांगलेल्या उपग्रहाचा इतिहास म्हणजे बराचसा हा हेलकावा आवरण्याचाच इतिहास आहे.

सप्टेंबर १९६६ मध्ये जेमिनी-११ मधून बाहेर पडून रिचर्ड गॉर्डन यांनी अजेना यानाला ३० मीटरांचा डेक्रॉनचा पट्टा बांधला. पुढे दोन्ही याने परस्परांभोवती सावकाश फिरवून तो ताणलेला ठेवला गेला. नोव्हेंबरमध्ये जेमिनी-१२ ने असे न फिरवता, याने एकाखाली एक ठेवून पाहिली.

१९७४ मध्ये पदुआचे गणितज्ञ ज्युसेप्पे कोलंबो आणि मारिओ ग्रॉसी यांनी स्पेस शटलवरून लांब दोराने उपग्रह सोडण्याची कल्पना मांडली. कक्षेत वरच्या आणि खालच्या टोकांवरील ओढींत किंचित फरक असतो. त्यामुळे दोर आपोआप ताठ उभा राहतो. पण हा ताण दोराच्या लांबीवर अवलंबून असतो. ५१८ किलोंच्या उपग्रहाला २० किलोमीटरवर जेमतेम चार किलो वजनाइतकी ओढ मिळते. पाव किलोमीटरवर ती सुमारे ५० ग्रॅमची उरते. म्हणजे उपग्रह यानाजवळ असतानाच सर्वांत बेभरवशाचा! शिवाय दोर सोडताना झोके शमतात, गुंडाळताना वाढतात. १९७५ मध्ये नासाच्या रप यांनी यावर उपाय सुचवला: दोराची लांबी आणि वेग पाहून रिळाने ताण कमी-अधिक करत राहायचे.

३१ जुलै १९९२ रोजी ‘अटलांटिस’ इटलीचा उपग्रह घेऊन निघाले. २० किलोमीटरचा बेत २५६ मीटरांवर थांबला, कारण सुरक्षेसाठी मागाहून बसवलेला एक बोल्ट रिळाच्या यंत्रणेला अडला. वर्तमानपत्री हिशेबात हे अपयश होते. पण ओढ सर्वांत क्षीण असते त्याच टापूत उपग्रह स्थिर राहिला आणि सुखरूप परत आला.

हॉफमन, निकोलियर, चांग-डियाझ आणि अ‍ॅलन हे चौघे १९९६ मध्ये ‘कोलंबिया’तून पुन्हा गेले. २५ फेब्रुवारीला दोर १९.७ किलोमीटर उलगडला आणि तुटला. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रातून धावताना त्यात सुमारे ३,५०० व्होल्ट निर्माण झाले होते. आवरण दुखावलेल्या जागी ठिणगी पडून अडीच मिलिमीटर जाडीचा तो दोर जळाला. मोकळा झालेला उपग्रह १९ मार्चला वातावरणात नष्ट झाला.

एकदा बोल्टने घात केला, एकदा विजेने. ज्या हेलकाव्याची धास्ती होती, त्याने दोन्ही वेळा दगा दिला नाही. मात्र या यशालाही मर्यादा आहे. २० किलोमीटरवरून उपग्रह परत ओढून आणण्याची, म्हणजे पोहरा काठापर्यंत आणण्याची खरी परीक्षा या दोन्ही मोहिमांत झालीच नाही. तेव्हा या प्रयोगांना फसलेले म्हणण्यापेक्षा अर्धवट राहिलेले म्हणणे अधिक न्याय्य ठरेल.