बॅरिॲट्रिक शस्त्रक्रियेनंतर वजन हळू उतरतंय? थोडा इतिहास वाचा

उमापूरहून मोठ्या शहरात जाऊन तुम्ही बॅरिॲट्रिक शस्त्रक्रिया करून घेतली. सुरुवातीला वजन भराभर उतरले, आता काटा हलत नाही. "ऑपरेशन वाया गेले का?" असे वाटत असेल, तर इतिहास धीर देतो.

१९४४-४५ मध्ये अमेरिकेत अँसेल कीज यांनी ३६ स्वयंसेवकांना सहा महिने अर्धपोटी ठेवले. वजन घटले, तसा शरीराने ऊर्जेचा खर्चही कमी केला. १९७२ च्या दुष्काळात आपल्याकडच्या घरांनी दाणे पुरवून वापरले. शरीरही तसेच करते. वजन उतरण्याचा वेग मंदावतो, तो यामुळेही.

१९६६ मध्ये एडवर्ड मेसन यांनी गॅस्ट्रिक बायपास सुरू केली. पुढे १९८७ पासून स्वीडनमधील डॉक्टरांनी शस्त्रक्रिया झालेल्यांची वर्षानुवर्षे नोंद ठेवली. बायपासनंतर एक-दोन वर्षांत वजन सरासरी ३२ टक्के घटले होते. दहा वर्षांनी ही घट २५ टक्के होती. थोडे वजन परतले, पण मोठा फायदा टिकला. शस्त्रक्रिया न केलेल्या लठ्ठ व्यक्तींपेक्षा मृत्यूही कमी झाले.

म्हणून उपाशी राहू नका. जेवताना डाळ, अंडी, पनीर आधी खा. रोज चाला. व्हिटॅमिनच्या गोळ्या आणि तपासणीची तारीख चुकवू नका. सतत उलट्या होत असतील किंवा वजन पुन्हा वाढत असेल, तर आपल्या सर्जनना लवकर भेटा.