रोग बरा झाल्यावर

रोगांचे इतिहास पुष्कळांनीं लिहिले आहेत. बऱ्या झालेल्या माणसाचा इतिहास मात्र क्वचितच कोणी लिहितो. औषध थांबतें, घरांत सत्यनारायण होतो, पेढे वांटले जातात, आणि गोष्ट येथें संपली असें सगळे धरून चालतात. रक्ताच्या कर्करोगाची गोष्ट तेथें संपत नाहीं. शरीर सुधारल्यावरहि मनाला सांवरण्याची गरज उरते, हें वैद्यकाच्या ध्यानांत येण्यास शंभरांहून अधिक वर्षें लागलीं. इतका काळ कां लागला, याचा आज थोडा विचार करूं.

१८४५ सालीं एडिंबरो येथें जॉन ह्यूज बेनेट व बर्लिन येथें रूडोल्फ फिर्खो या दोघांनीं स्वतंत्रपणें एका अपरिचित व्याधीचें वर्णन प्रसिद्ध केलें. रोग्याच्या रक्तांत पांढऱ्या पेशी बेसुमार वाढलेल्या होत्या. पुढें १८४७ सालीं फिर्खो यांनीं ‘पांढरें रक्त’ या अर्थाचें ‘ल्युकेमिया’ हें नांव दिलें. नांव मिळालें, पण उपाय मिळाला नाहीं. लेडी मेहेरबाई टाटा १९३१ सालीं याच रोगानें गेल्या. जें संपत्तीला साधलें नाहीं तें गरिबाला कोठून साधणार? पुढच्याच वर्षीं त्यांच्या नांवानें या रोगाच्या संशोधनासाठीं निधि स्थापन झाला, आणि २८ फेब्रुवारी १९४१ रोजीं मुंबईस परळ येथें टाटा रुग्णालय उघडलें. परंतु जेथें रोगांतून कोणी उठतच नव्हतें, तेथें उठलेल्याच्या मनाची विचारपूस कोण करणार?

१९४८ सालीं बॉस्टनच्या सिडनी फार्बर यांनीं एका नव्या औषधानें कांहीं मुलांचा रोग तात्पुरता हटल्याचें जाहीर केलें. हें औषध ज्या संशोधकांनीं तयार केलें, त्यांचे प्रमुख आंध्रांतून गेलेले यल्लाप्रगड सुब्बाराव होते. हटलेला रोग थोड्या महिन्यांत परत येई. पुढें १९६२ सालीं मेंफिस येथें सुरू झालेल्या सेंट ज्यूड रुग्णालयांत डोनल्ड पिंकेल यांनीं अनेक औषधें एकत्र योजिलीं, व मेंदूकडे दडून बसणाऱ्या पेशींवरहि उपचार केले. त्या दशकाच्या अखेरीस सुरू झालेल्या त्यांच्या उपचारक्रमांत सुमारें निम्मीं मुलें बरीं झालीं. जगांत प्रथमच या रोगांतून उठलेल्यांची एक पिढी उभी राहिली.

रोग हटूं लागला, तरी त्याचें नांव उच्चारण्याची भीति हटली नव्हती. १९६१ सालीं शिकागोच्या २१९ डॉक्टरांना विचारलें असतां, त्यांतील ९० टक्के डॉक्टरांनीं रोग्याला कर्करोगाचें नांव न सांगणेंच पसंत असल्याचें सांगितलें. १९७९ सालच्या अशाच पाहणींत ९७ टक्क्यांनीं तें सांगणें पसंत केलें. अठरा वर्षांत शिष्टाचार अगदीं उलटला! जोंवर रोगाचें नांव झांकलेलें होतें, तोंवर त्याविषयींचें भयहि बोलून दाखवितां येत नव्हतें.

हें बोलणें सुरू झाल्यावरच मनाच्या उपचाराला वाट मिळाली. १९७७ सालीं न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग रुग्णालयांत जिमी हॉलंड या विदुषीनें कर्करोग्यांसाठीं मनोवैद्यकाचा पूर्णवेळ विभाग उभारला. १९८१ सालीं कूचर व ओमॅली यांनीं लहानपणीं कर्करोगांतून वांचलेल्यांवर ग्रंथ लिहिला, आणि त्यांच्या मनःस्थितीला दामोक्लीजचें नांव दिलें. हा ग्रीक कथेंतील दरबारी राजाच्या आसनावर बसला, तों त्याला मस्तकावर घोड्याच्या एका केसानें टांगलेली तलवार दिसली. आपल्याकडील ‘टांगती तलवार’ हीच. याच संशोधकांना पुढें असें आढळलें कीं, ज्या मुलांना आपला रोग लवकर कळला होता, तीं मोठेपणीं अधिक स्थिरचित्त होतीं. म्हणजे सत्यानें मूल मोडतें ही आपली समजूत खोटी ठरली.

ही तलवार कोठें लटकते? ती रक्ततपासणीच्या तारखेवर, साध्या तापावर, अंगावरील काळ्यानिळ्या डागावर लटकते. उपचार चालू असतां डॉक्टर व परिचारिका पाठीशीं असतात. ते संपले कीं रोग्यास एकाएकीं आधार काढून घेतल्यासारखें वाटतें. मुंबईनेंहि हें ओळखलें. १९९१ सालीं टाटा रुग्णालयांत उपचार पुरे झालेल्या मुलांसाठीं स्वतंत्र तपासणी सुरू झाली, आणि २००९ सालीं इंडियन कॅन्सर सोसायटीच्या आश्रयानें अशा मुलांतून मोठ्या झालेल्यांचा ‘उगम’ हा संघ निघाला. ज्यानें तें भय स्वतः सोसलें आहे, त्याचा शब्द दुसऱ्याला जितका पटतो, तितका आपला पटत नाहीं.

आपल्या घरांतून मात्र अद्यापि १९६१ सालच चालू आहे. मुलगी बरी झाली, तरी लग्न जमेपर्यंत कोठें वाच्यता नको, असें आईबाप बजावतात. तिला यावरून एवढेंच कळतें कीं, आपल्याला झालें तें लाजिरवाणें होतें. कोणी भय बोलून दाखवूं लागलें, तर ‘आतां तें विसरून जा’ म्हणून आपण त्याचें तोंड बंद करतों. शाळामास्तर म्हणून मी इतकें सांगूं शकतों कीं, वर्षानंतर वर्गांत परतलेल्या मुलाला दयेनें कोपऱ्यांत बसविणें आणि कांहीं घडलेंच नाहीं असें वागणें, हीं दोन्हीं सारखींच जाचक असतात.

यावर उपाय आहेत. झोंप उडाली, अन्न तुटलें, मन कशांतच रमेनासें झालें, तर मनोवैद्याकडे जाण्यांत कमीपणा नाहीं. पण पहिला उपाय घरांतच आहे, व त्याला पैसा लागत नाहीं. तपासणीच्या आदल्या रात्रीं त्याच्यापाशीं बसावें, ‘भीति वाटते का?’ असें सरळ विचारावें, आणि तो सांगेल तें पुरतें ऐकून घ्यावें.