चांदोली राष्ट्रीय उद्यान

सह्याद्रीच्या मुख्य धारेवर, सातारा, सांगली, कोल्हापूर व रत्नागिरी या चार जिल्ह्यांच्या हद्दी जेथे एकमेकींस भिडतात तेथे पसरलेले महाराष्ट्रातील संरक्षित वनक्षेत्र. क्षेत्रफळ ३१७.६७ चौ. किमी. १९८५ मध्ये अभयारण्य व २००४ मध्ये राष्ट्रीय उद्यान म्हणून घोषित झालेले हे क्षेत्र २०१० मध्ये कोयना अभयारण्यासह सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात समाविष्ट झाले आणि २०१२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत पश्चिम घाटाचा अंश म्हणून गणले गेले.

येथील निसर्गनिर्मित भूरूपांत सर्वाधिक लक्षणीय ते सडे. युगानुयुगे कोसळणाऱ्या पावसाने काळ्या बसाल्टातील सिलिका धुऊन नेली, लोह व ॲल्युमिनियम यांची ऑक्साइडे मागे उरली आणि त्यांच्यापासून माथ्यामाथ्यांवर जांभ्याचे सच्छिद्र, तांबूस कवच तयार झाले. त्यावर माती फारशी साचत नसल्यामुळे मोठ्या वृक्षांस तेथे थारा मिळत नाही, आणि ऐन वैशाखात झोळंबीचा सडा पाहणाऱ्यास तो सर्वस्वी निर्जीव भासावा यात नवल नाही. मृगाच्या सरी बरसल्या म्हणजे मात्र याच कातळाच्या फटींत व उथळ डबक्यांत गवते आणि गेंद उगवतात, नत्राची वाण कीटक पकडून भरून काढणाऱ्या दवबिंदू व सीतेची आसवे यांसारख्या वनस्पती तरारतात, आणि भाद्रपदापर्यंत सडा फुलांनी व्यापून जातो. उतारांवरील निमसदाहरित अरण्यात अंजनी, जांभूळ, हिरडा, पिसा हे वृक्ष व काही वर्षांच्या अंतराने एकदमच फुलणारी कारवी आढळते. गवा, सांबर, अस्वल, रानकुत्रा, बिबट्या आणि शेकरू हे येथील प्रमुख प्राणी होत.

मनुष्याचा हात या भूमीवर फार पूर्वीपासून फिरला आहे. शृंगारपूरकडून वर चढणाऱ्या घाटवाटेवर प्रचितगड उभा आहे. त्यावरील खडकात खोदलेली पाण्याची टाकी अद्याप शाबूत आहेत. अर्वाचीन काळातील सर्वांत मोठा फेरफार घडविला तो वारणा नदीवर शिराळा तालुक्यात बांधलेल्या मातीच्या धरणाने. सुमारे ३४ अब्ज घनफूट पाणी साठविणाऱ्या वसंतसागर जलाशयाखाली नदीचे मूळ खोरे बुडाले, आणि धरणामुळे व पुढे अभयारण्यामुळे झोळंबी, निवळे, रुंदीव यांसारखी गावे उठून खालच्या मुलखात गेली. त्यांची नाचणीची व भाताची शेते गवताने भरली. आज गव्यांचे कळप जेथे चरतात त्यांतील कित्येक कुरणे म्हणजे वस्तुतः कोणाच्या तरी वहिवाटीची जमीन होय, आणि जुन्या गावठाणांची साक्ष घरांची जोती, बांध, आंबे व फणस देतात.

हे उद्यान मनुष्यस्पर्शापासून अलिप्त राहिलेले आदिम अरण्य आहे असे वर्णन करणे म्हणूनच अन्यायाचे ठरेल. येथील वन्यजीवांस लाभलेल्या कुरणांचे व निवांतपणाचे मोल विस्थापित कुटुंबांनी आपल्या जमिनी सोडून चुकविले आहे. ज्यांनी ही शेते स्वतः कसली ती माणसे हयात आहेत तोवरच अभ्यासकांनी त्यांच्याकडून येथील शेतांची, ओढ्यांची, पायवाटांची व देवस्थानांची नावे टिपून घ्यावीत आणि ती उद्यानाच्या नकाशावर नोंदवावीत.